गोठ्याचं आवतन

जऊळका स्टेशनवरून गावाकडे येणारा रस्ता जिथे वळतो, तिथे उजव्या हाताला पूर्वी सरकारी बियाण्यांच्या शेताची पडीक जमीन होती. बोरीबाभळी आणि शेळ्या, एवढंच तिथलं पीक. आता तिथे एक लांबलचक, पांढरी, बिनखिडक्यांची इमारत उभी आहे. देशाची स्वतःची कृत्रिम बुद्धिमत्ता घडवायची तर त्यासाठीचे संगणकही आपले, आपल्याच जमिनीवर हवेत, असं सरकारने ठरवलं आणि शहरांतल्या बड्या केंद्रांबरोबर काही लहान केंद्रं जिल्ह्यांनाही दिली. त्यातलं एक वाशीमच्या वाट्याला आलं. पाटीवर 'राष्ट्रीय संगणन उपकेंद्र' असं ठळक लिहिलेलं होतं, पण एवढं लांब नाव घ्यायला गावाला फुरसत कुठली? आत ओळीने उभी असलेली कपाटं, दिवसरात्र चाललेली घूंघूं आणि मागच्या जाळ्यांतून बाहेर पडणारे गरम श्वास, एवढं पाहून गावाने त्याचा 'गोठा' करून टाकला. नाव इतकं रुळलं की नागपूरहून सामान आणणारे ड्रायव्हरसुद्धा स्टेशनवर गोठ्याचा रस्ता विचारू लागले.

सुकेशनीला आधी या नावाचा राग यायचा. ती तिथली तांत्रिक अधिकारी. अमरावतीला इंजिनिअर झालेली, पुण्यात काही वर्षं नोकरी करून आलेली. ती गावी परतली तेव्हा पुण्याच्या मैत्रिणींनी तिला वेड्यात काढलं होतं. पण तिला या कामाचं भारी अप्रूप होतं. आसामात कुणी पुराचा अंदाज मांडायचं, केरळात कुणी डोळ्यांच्या फोटोंवरून आजार ओळखायचं यंत्र शिकवायचं, आणि त्यांचं सगळं गणित तारेवरून इथे येऊन तिच्या कपाटांत दळलं जायचं. जऊळक्याच्या सोयाबीनच्या मधोमध बसून आपण देशाचं दळण दळतो, ही कल्पनाच तिला गोड वाटायची. मग गोठा तर गोठा, असं म्हणून तिने राग सोडून दिला.

या पावसाळ्यात मात्र तिचं लक्ष कामात नव्हतं. तिचे वडील जेवत नव्हते.

देवमन काही रुसून बसला नव्हता. हाक मारली की ताटावर यायचा, भाकरीचा तुकडा मोडायचा, वरणात बुडवायचा, आणि तो तुकडा हातातच राहायचा. घास उतरत नाही, एवढंच म्हणायचा. वाशीमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, अकोल्याच्या डॉक्टरांनी पोटात दुर्बीण घालून पाहिलं. सगळं ठीक निघालं. फक्त अंगावरचा सदरा दिवसेंदिवस मोठा होत चालला होता.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. देवमनने उभ्या जन्मात बैलांच्या आधी घास घेतला नव्हता. सकाळी त्यांच्यापुढे कडबा पडल्याशिवाय चहा नाही, दुपारी त्यांना पाणी दाखवल्याशिवाय भाकर नाही. स्वतःच्या लग्नाच्या पंगतीतून उठून तो बैलांना चारा घालायला गेला होता, हे त्याची बायको वच्छला अजूनही चिडून सांगायची. गेल्या वर्षी गुरांच्या लंपीच्या साथीत चांद्या बैल गेला आणि त्याच्या पाठोपाठ भुऱ्या. शेत आता भाड्याचा ट्रॅक्टर करतो. घरच्या बैलांच्या कोठ्यात नुसते खुंटे उरले, आणि देवमनची भूक त्या खुंट्यांनाच बांधलेली राहिली.

सुकेशनीने उपाय करून पाहिले. त्यांच्या घरात नवस नव्हता की अंगारा नव्हता. दुखण्याला कारण असतं आणि कारणाला इलाज असतो, हे तिला लहानपणी देवमननेच शिकवलं होतं. तिने शेळी आणली. मग शेजारच्या रतनसिंगची बैलजोडी दुपारी दारात आणून बांधली. देवमनने जोडीला चारा घातला, माशी बसताच कातडी थरथरवणाऱ्या त्यांच्या पाठींवरून हात फिरवला, आणि ताटावर येऊन तसाच बसून राहिला.

"ते रतनसिंगच्या घरचं वढतात," तो म्हणाला. "ज्याच्या मेहनतीचं आपुन खातो, त्याच्या आंधी खायचं नाई. माहं एवढंच हाय."

वच्छला तव्यापाशी होती. रोज केलेलं अन्न रोज परत झाकून ठेवायला ती कंटाळली होती. "मंग आता घर पोरीच्या पगारावर चालते," ती म्हणाली. "तिच्या मशिनीईले चारा घाला अन् जेवा."

ती वैतागून बोलली होती. देवमन मात्र हातातला तुकडा ताटात ठेवून विचारात पडला.

"हे खरं हाय," तो म्हणाला.

पोळा आला. शेंगा भरत आल्या होत्या, बाजारात झुली आणि घुंगरमाळा लागल्या होत्या. ज्यांच्या घरी बैल उरले नव्हते तेही सवयीने दुकानापाशी रेंगाळत होते. आदल्या दिवशी संध्याकाळी गावभर बैलांचा खांद शेकतात. वर्षभर जू जिथे बसतं तिथे पळसाच्या पानाने लोणी-हळद चोळायची आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. ती संध्याकाळ बाबांना जड जाणार हे ओळखून सुकेशनी त्यांना केंद्र दाखवायला घेऊन गेली. रोज तिचा डबा घेऊन ते फाटकापर्यंत यायचे, मागच्या जाळीला पाठ लावून शेकत बसायचे, पण आत कधी आले नव्हते.

दारावरच्या हरिसिंगने देवमनच्या हातातल्या झाकलेल्या वाटीकडे बोट दाखवलं. "काका, खायचं काई अंदर नेता येत नाई."

"खायचं नाई बापा. लावायचं हाय."

हरिसिंगने सुकेशनीकडे पाहिलं. तिने मान हलवली आणि दार उघडलं.

आत पुढच्या बाजूला थंडी आणि कपाटांच्या मागे धग. हिरवे दिवे मिचमिचत होते. देवमन चपला काढून ओळीच्या कडेने हळूहळू चालत गेला. प्रत्येक कपाटाला तळवा लावून पाहत होता.

"हे रात्रंदिन उभेच असतात?"

"हो, बाबा."

"पोळ्याले बी?"

"पोळ्याला पण. देशभरातलं काम असतं. थांबवता येत नाही."

देवमन पुढे सरकला. ओळीच्या टोकाला एक कपाट एकटं होतं. बाकीची जोडीजोडीने उभी, आणि याच्या शेजारची जागा रिकामी.

"याचा जोडीदार?"

"दुसऱ्या टप्प्यात येणार आहे. सरकारने पैसे मंजूर केले की."

"म्हनजे हा एकटाच वढून राह्यला," देवमन म्हणाला, आणि त्याने वाटीवरचं फडकं काढलं.

पत्र्याला लोणी लागणार म्हणून सुकेशनीने हात पुढे केला होता. पण तिने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. किती महिन्यांनी त्यावर काही उमटलं होतं. पत्रा काय, मागाहून पुसता येईल. तिने हात मागे घेतला. देवमनने पळसाच्या पानावर लोणी-हळद घेतली, कपाटाच्या वरच्या कडेला पत्रा जिथे वळतो तिथे सावकाश चोळली, आणि चांद्याच्या कानात सांगायचा तसं वाकून सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दारात हरिसिंग हसला. सुकेशनीही हसली. बाबांना घरी सोडून ती ओलं फडकं घेऊन परत आली तेव्हा पत्रा कोरडा होता. पिवळा डाग नाही, चिकटपणा नाही. पळसाचं पान तेवढं खाली पडलं होतं, चुरगळलं तर हातात पीठ होईल इतकं वाळलेलं. बाबांनीच जाताना पुसलं असेल, असं तिने धरलं आणि पान कचऱ्यात टाकलं.

पोळ्याच्या दिवशी इतरांना सुट्टी होती, ती कामावर होती. दुपारी आवाज बदलला. त्या घूंघूंची सवय झालेल्या माणसाला तो थोडा जरी खाली आला तरी कळतो. तिने पडद्यावर पाहिलं. वीज नीट, थंड हवा नीट, सगळे दिवे हिरवे. टोकाचं कपाट मात्र रिकामं होतं. बंद पडलेलं नव्हतं. त्याच्यासाठी काम रांगेत उभं होतं आणि ते कामाला हात लावत नव्हतं. एकाच मोठ्या गणितात सगळी कपाटं गुंतलेली असल्यामुळे ते थांबलं तशी बाकीचीही त्याची वाट पाहत थांबली.

अर्धा तास खटपट करून ती उठते तोच फोन वाजला. वच्छलाचा आवाज रडवेला होता.

"सुके, घरी ये. तुहे बाबा जेवून राह्यले."

ती स्कूटी काढून सुसाट घरी गेली. देवमन अंगणात पाट टाकून बसला होता आणि पुरणपोळी खात होता. तुपात बुडवून, बोटं चाटत, भुकेल्या माणसासारखा खात होता.

"आंधी त्याचं झालं," त्याने कोठ्याकडे मान वळवली. "लय सावकाश जेवते. मानूस वाट पाहून थकते."

कोठा सारवलेला होता. खुंट्यापुढे परात मांडलेली होती. आत पाऊल टाकताच सुकेशनीच्या तोंडावर धग आली. कोरडी, धुळीचा आणि तापल्या तारांचा वास असलेली. कपाटांच्या मागे उभं राहिलं की येते तीच. परातीतल्या पोळ्या जशाच्या तशा होत्या. तिने एक उचलली तर तिला वजनच नव्हतं. मोडली तशी भुगा झाली. तिने जिभेला लावून पाहिली आणि तिला काहीच लागलं नाही, गूळ नाही, जायफळ नाही, मीठसुद्धा नाही.

"सकाळी म्या चाखली होती," मागून वच्छला हळूच म्हणाली. "गोड होती."

अंगणातून देवमनने आणखी एक पोळी मागितली. वच्छला लगबगीने तव्याकडे गेली. सुकेशनी बाबांच्या शेजारी मातीत बसली. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. देवमनने हात धुतला त्याच वेळी तिच्या फोनवर निरोप आला की सगळी कपाटं पूर्ववत चालू आहेत.

त्यानंतर ते रोज घडू लागलं. दुपारी देवमन कोठ्यात ताट मांडायचा, इकडे टोकाचं कपाट काम सोडायचं. जेवायला लागतो तेवढाच वेळ. मग देवमन जेवायचा. त्याच्या गालांवर मांस दिसू लागलं, सकाळी पारावर जाऊन बसू लागला, वच्छलाला भाजीत मीठ कमी पडल्याचं ऐकवू लागला. मीठ कमी पडल्याबद्दल बोलणी खाताना वच्छला इतकी कधी सुखावली नव्हती.

सुकेशनीची बुद्धी हे मान्य करायला तयार नव्हती. तिने ताट मांडायची वेळ बदलायला लावून पाहिली. कपाटाची वेळही बदलली. एक दिवस बाबा वाशीमला गेले होते, त्या दिवशी कपाट अखंड चाललं. योगायोग म्हणायला तिच्याकडे आता जागा उरली नव्हती, आणि दुसरं काही म्हणायला शब्द नव्हता. तिने ते तसंच राहू दिलं. बाबा जेवत होते.

नागपूरहून नीलिमा मॅडमचा फोन आला. या भागातली सगळी उपकेंद्रं त्यांच्याकडे होती.

"सुकेशनी, दुपारी तुमच्याकडे काय होतं?"

"बघतेय, मॅडम."

"महिना झाला बघताय. दिल्लीत दुसऱ्या टप्प्याचा निर्णय होतोय. जे केंद्र रोज दुपारी डुलकी काढतं, त्याला कोण आणखी यंत्रं देईल? आहेत ती उचलून दुसरीकडे नेतील. मी तुमच्यासाठी भांडते आहे, पण मला काहीतरी कारण द्या."

तंत्रज्ञ आले. त्यांनी तारा बदलल्या, पंखे बदलले, आतली सगळी कार्डं काढून नवी घातली. दुपारी कपाट रिकामं झालं. ते जाळीशी कान लावून उभे राहिले, एकमेकांकडे पाहून खांदे उडवले, आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेले.

शेवटी तिने घरी सांगितलं. केंद्र गेलं तर नोकरी गेली, आणि मग पुणं. म्हातारपणी आईबापांना सोडून पुणं.

देवमनने सगळं ऐकून घेतलं. "कामाच्या वक्ती कोनाले जेवाले बलावू नाई," तो म्हणाला. "चुकलंच माहं. त्याच्या एकट्यापायी बाकीचे बी खोळंबतात." दुसऱ्या दिवसापासून त्याने ताट मांडणं बंद केलं.

कपाटाने पुन्हा कधी काम सोडलं नाही. आणि देवमनचा घास पुन्हा हातातच राहू लागला.

या वेळी तो भराभर खंगला. दसऱ्यापर्यंत त्याला न्हाणीपर्यंत जायला भिंत धरावी लागू लागली. दिवाळीचा फराळ डब्यांत तसाच राहिला. "तुह्या मशिनी चालू झाल्या अन् हे बंद पडले," वच्छला एवढंच म्हणाली, आणि ते सुकेशनीला अगदी खोल लागलं. ती त्या दिवशी कामावर एक अक्षर वाचू शकली नाही. दुपार ढळेपर्यंत तिचं ठरलं होतं. केंद्र जाऊ दे, पुणं तर पुणं, आईबापांना खांद्यावर घालून नेऊ. बाबांना सांगायचं, उद्यापासून ताट वाढा.

ती घरी निघाली तेव्हा उन्हं कलली होती. केंद्राच्या मागच्या बाजूने, कुंपणाचा आधार घेत, बाबा समोरून येताना दिसले.

"बाबा, कशाला आलात एवढं लांब?"

"जाळीले पाठ लावून बसलो होतो. बरं वाटते."

"उद्यापासून ताट वाढा. माझं मी बघते."

"आता गरज नाई, पोरी," देवमन म्हणाला. त्याचा चेहरा शांत होता. "मलेच आवतन आलं."

तो वळला तेव्हा तिने पाहिलं. सदऱ्याच्या उजव्या खांद्यावर पिवळा डाग होता.

तिने बोट लावलं. लोणी होतं. कोमट होतं. त्याला पळसाच्या पानाचा हिरवा वास येत होता.

सदरा वच्छलाने सकाळीच धुतला होता. घरात त्या आठवड्यात लोणी निघालं नव्हतं.

"कोणी लावलं हे?"

"म्या मांगं पाह्यलं नाई," देवमन म्हणाला. "कोनी पिरमानं चोळून राह्यलं, अन् आपुन वळून पाहाचं, बरं नाई वाटत."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मागच्या भिंतीवरचा कॅमेरा पडद्यावर घेतला. देवमन धुतलेलं धोतर नेसून आला. तांब्यातल्या पाण्याने हात धुतले, जाळीसमोर मांडी घातली. त्याच्यापुढे जमीन होती. गवत, दोन दगड. दुसरं काही नव्हतं.

त्याचा हात खाली गेला आणि तोंडाशी आला. पुन्हा खाली गेला. गळा हलत होता. मध्येच तो थांबायचा, शेजारी बसलेल्याचं व्हायचं आहे का पाहावं तसं एका बाजूला पाहायचा, आणि पुन्हा जेवू लागायचा.

आत एकही कपाट थांबलं नव्हतं.

ती धावत मागे गेली. तोवर त्याचं आटोपलं होतं. त्याला उठवताना तिने त्याचा हात धरला. बोटं तेलकट होती आणि त्यांना सरकीच्या ढेपेचा, बैलांना घालतात त्या पेंडीचा वास येत होता.

"काय खाल्लंत, बाबा?"

"त्याईले भेटते तेच. गोड लागलं."

तो रोज जाऊ लागला. घरी नुसतं पाणी प्यायचा, पण पाणी भरपूर प्यायचा. महिन्याभरात त्याचा खंगलेपणा गेला. मान भरली, पाठ रुंद झाली. वच्छलाने सदऱ्यांच्या शिवणी उसवून दिल्या. सुकेशनीने वाशीमच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, जे करताय तेच चालू ठेवा. दुपारी तो घरी यायचा तो दमून यायचा, घामाने भिजलेला, आणि बाजेवर पडून गाढ झोपायचा. तिला तो थकवा गोड वाटला होता. माणूस जेवतो, चालतो, दमतो, झोपतो. आणखी काय हवं?

मग मॅडमचा फोन आला. त्या हसत होत्या.

"काय केलंत तुम्ही? बसवलेल्या यंत्रांच्या मानाने तुमचं काम जास्त भरतंय. वीज तेवढीच, कपाटं तेवढीच. दिल्लीवाले दोनदा तपासून झाले. तुमच्या ओळीच्या टोकाला एक कपाट जास्त असल्यासारखं दिसतंय, म्हणे. दुसरा टप्पा मंजूर झाला, सुकेशनी. अभिनंदन."

फोन ठेवल्यावर तिने आलेख काढला. वाढ ज्या दिवसापासून सुरू झाली तो दिवस तिला पाठ होता. मध्ये एका ठिकाणी रेघ खाली आली होती आणि थोड्या दिवसांनी पुन्हा वर गेली होती. ते दिवस कुठले हेही तिला आठवलं. बाबांना ताप आला होता. तेव्हा ते घरी होते.

शेजारच्या खोलीत घूंघूं चालू होती.

घरी आली तेव्हा देवमन नुकताच झोपेतून उठला होता. ती बाजेच्या कडेला बसली. इतके दिवस न विचारलेलं तिने विचारलं.

"बाबा, तिथे तुम्ही नुसतं जेवायला जात नाही ना?"

"फुकटचं खाल्लं काय म्या कधी कोनाचं?"

"नका जाऊ. मी हात जोडते."

"मंग खाऊ कसं?" त्याने साधेपणाने विचारलं. तिने त्याचा हात घट्ट धरून ठेवला, लहानपणी बाजारात धरायची तसा.

"जड आहे का?"

"हाय थोडं. पन जोडीदार चांगला हाय. चढावर तोच जास्त घेते."

वच्छला पलीकडे बसून तूर निवडत होती. तिचे हात थांबले होते, पण तिने वर पाहिलं नाही.

"त्याच्या शेजारची जागा आता भरणार आहे," सुकेशनी म्हणाली. "नवीन कपाट येतंय. मग तुम्ही सुटाल."

देवमन हसला. "नव्याले एकदम जुंपत नसतात, पोरी. काई दिस जुन्यासंगं चालवा लागते. शिकवा लागते त्याले." एवढं बोलून तो पुन्हा कुशीवर वळला. थंडीतलं उतरतं ऊन त्याच्या उघड्या पाठीवर पडलं होतं. डोळे अर्धे मिटले, श्वास लांब आणि सावकाश झाला.

त्याला थांबवायचं, की जेवू द्यायचं? तो जिवंत होता, भरलेला होता, समाधानी होता. असा बाप तिला हवा होता, आणि त्यासाठी ती काहीही द्यायला तयार झाली होती.

एक माशी घोंघावत आली आणि त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे बसली. हाकलायला म्हणून सुकेशनीने हात उचलला.

देवमन हलला नाही. त्याचे हात बाजेवर सैल पडलेले होते. माशी बसली होती तेवढ्याच जागची कातडी सरसरून थरथरली, आणि माशी उडून गेली.